पैऱ्यातला सयाजी

हळदेवाडीत कुणालाही विचारा, "सयाजी कुठला हो?" तर उत्तर यायचं, "गोव्याचा." आता गोव्याचा कसला डोंबलाचा! जन्म हळदेवाडीत, रेशनकार्ड हळदेवाडीत, बायको पलीकडच्या वाडीची. पण मिसरूड फुटल्या फुटल्या गडी तिलारीचा घाट उतरून गोव्यात मायनिंगवर गेला, तो वर्षातनं दोनदाच वर यायचा. एकदा गणपतीला, एकदा शिमग्याला. खाणीवर तो पोकलेन चालवायचा. केबिनमध्ये बसला की पुढ्यात लोखंडाच्या मातीचा डोंगर, हातात दोन दांडे आणि खाली रांगेत उभे टिपरवाले, "सयाजीदादा, माझं भर की आधी!" असल्या थाटात माणसाची मान ताठ होणारच.

गावी आला की त्याची बडदास्त बघावी. कोंबडं कापलेलं, तांदळाच्या गरम भाकऱ्या, कॉटवर नवी चादर. बायको तुळसा पंख्याचा वारा पायाकडनं येतो का डोक्याकडनं, तेवढंही बघायची. चार दिवस झाले की हा परत एसटी धरायचा. शेतात भात कुणी लावलं, कुणी कापलं, म्हातारीला दवाखान्यात कुणी नेलं, याचा पत्ता त्याला फोनवरच लागायचा. पगार पाठवला की आपलं काम झालं, असं त्याचं सरळ गणित होतं.

आणि मग एका मार्चात कोर्टाचा हुकूम आला. गोव्यातल्या सगळ्या खाणी बंद. पाडव्याच्या आदल्या दिवशी सयाजी ट्रंक आणि गादी घेऊन एसटीतनं उतरला. त्याच्यामागं टिपर चालवणारा गैबी उतरला, त्याच्यामागं आणखी कोण कोण. गाव भरलं की हो पुरुषांनी! इतके बाप्ये हळदेवाडीत एकदम लग्नातसुद्धा दिसले नव्हते.

पहिला आठवडा कोंबडं झालं. दुसऱ्या आठवड्यात आमटी आली. तिसऱ्या आठवड्यात तुळसा म्हणाली, "जरा पाय वर घ्या, झाडायचंय." आणि महिना झाल्यावर तिनं सांगूनच टाकलं, "अवो, दिवसभर घरात बसू नगासा. कोंबड्या बिथरत्यात."

मग सयाजी एसटीच्या पिकअप शेडमध्ये जाऊन बसायला लागला. तिथं गैबी आणि बाकीची फौज होतीच. सकाळी मोटारसायकली धुवायच्या, दुपारी मोबाईल बघायचा, संध्याकाळी एकमेकांना सांगायचं, "पुढच्या म्हयन्यात चालू होतंय बघ." पुढचा महिना यायचा आणि निघून जायचा. एकाच्याही घरची चूल विझली नाही, हे मात्र खरं. ती का विझली नाही, याचा विचार शेडमधल्या एकाही शहाण्यानं केला नाही.

ती विझली नाही पैऱ्यामुळं. पैरा म्हणजे काय, तर आज तुझ्या शेतात मी, उद्या माझ्या शेतात तू. रोजगार द्यायचा नाही, घ्यायचा नाही. घरातलं एक माणूस पैऱ्याला लावायचं आणि आपली पाळी आली की सगळा पैरा आपल्या शेतात. पुरुष खाणीवर गेले तशी हळदेवाडीतल्या बायकांनी सगळी शेती ह्या पैऱ्यावर तोलून धरली होती. म्होरकी अंबूआक्का. वय झालेलं, दात गेलेले, पण आवाज असा की ओढ्यापलीकडच्या म्हशीनं मान वर करावी. रोपं लावण्यात सगळ्यांच्या पुढं गैबीची बायको अमीरबी. तिचे हात चालताना दिसायचेच नाहीत, नुसती पुढ्यात उभी राहिलेली हिरवी रांग दिसायची. आणि तिच्या जोडीला तुळसा.

तीच तुळसा ऐन लावणीच्या तोंडावर बांधावरनं घसरली आणि मनगट मोडून बसली. चंदगडच्या दवाखान्यात प्लास्टर घातलं. डॉक्टर म्हणाले, हात पाण्यात घालायचा नाही. इकडं तरव्यात रोप तयार झालेलं. तरवा म्हणजे रोपांचा वाफा. त्यातलं रोप वेळेत लावलं नाही तर ते म्हातारं होतं आणि मग त्याला लोंबी धड धरत नाही.

"लेक सप्नाली गडहिंग्लजला हॉस्टेलात," तुळसा म्हणाली. "पैऱ्याला माझ्या जागी तुमीच जायाला पायजे."

"मी?" सयाजी उडालाच. "बायकांच्यात? वाकून?"

"मग काय बसून लावणार हायसा?"

सयाजीच्या डोक्यात पोकलेनवाल्याचा हिशेब सुरू झाला. मशीनवाला गडी मी, आणि बायकांच्या रांगेत चिखलात ओणवा होऊ? शेडमधली पोरं काय म्हणतील? तुळसा प्लास्टर दाखवायला चंदगडला गेली त्या दिवशी ह्यानं कुणाला न विचारता फोन लावला. एका वडापच्या जीपमधनं बाहेरगावची मजुरांची टोळी आली. उक्त्यानं काम, जितकं लवकर आटपेल तितकं त्यांना बरं. दुपारी जेवणाच्या सुमाराला ओढ्याकडचं सगळं शेत लावून टोळी पसार झाली.

तुळसा आली तसा हा तिला मोठ्या ऐटीत बांधावर घेऊन गेला. "बघ! एका दिवसात! उगंच कुणाच्या पाया पडाय नको, काय नको."

तुळसानं शेत बघितलं. घरी आली, जात्याजवळ बसली आणि मग तिच्या डोळ्याला धारच लागली.

"हात दुखतोय व्हय?" सयाजीनं विचारलं.

"हात न्हाय वो दुखत! माझं नाव काढलासा तुमी पैऱ्यातनं. बाहेरची माणसं लावली म्हंजे, आमास्नी तुमची गरज न्हाय, असं सांगितल्यागत झालं की. तुमची आई गेली तवा तुमी दुसऱ्या दिवशी पोचला. तवर कोण हुतं हितं? अंबूआक्का हुती. सप्नालीला ताप भरला तवा अमीरबीनं पाठकुळी घेऊन चंदगड गाठलं. आता भात कापाय कोण येणार? पगार तर बंद झाला. रोजगारी लावून किती दिस शेती करणार हायसा?"

संध्याकाळी अमीरबी दारावरनं गेली. रोज "तुळसा, हात कसा हाय गं?" म्हणणारी बाई आज मान न वळवता सरळ निघून गेली. तुळसा उंबऱ्यात उभी होती, तशीच आत वळली. तेव्हा मात्र सयाजीला लागलं. खाण गेली तेव्हाही इतकं लागलं नव्हतं, हे त्यानं पुढं स्वतःच दहा जणांना सांगितलं.

दुसऱ्या दिवशी तो अंबूआक्काला गाठायला थेट शेतात गेला. सगळा पैरा वाकलेला. ह्याला बघून गाणं थांबलं, पण मान कुणी वर केली नाही.

"आक्का, चुकलं माझं," सयाजी म्हणाला.

"काय चुकलं रं? तुझं शेत लागलं. झ्याक लागलं. आता आमचं काय काम?"

"मला न्हाय गं, तुळसाला हाय तुमचं काम. तिच्या जागी मला घ्या."

आता म्हातारीनं कंबर सरळ केली. ह्याच्या पायातल्या बुटापासनं डोक्यावरच्या टोपीपर्यंत एकदा बघून घेतलं. "पैऱ्यात आलास तर वाकायचं. रोज. सगळ्यांच्या शेतात. आनि तुझं शेत लागलंय, तवा तुझ्याकडं कोण येणार न्हाय. फुकट वाकशील का?"

"वाकीन."

"बघ हां. आनि ते बूट घरी ठेवून ये."

पहिल्या दिवसाची कहाणी हळदेवाडीत अजून सांगतात. सयाजी पँट गुडघ्यापर्यंत वळून रांगेत उभा राहिला, एका बाजूला अंबूआक्का, दुसऱ्या बाजूला अमीरबी. वाकला आणि लावत लावत चक्क पुढं निघाला. भात लावताना माणूस मागं मागं सरकतं, म्हणजे लावलेलं रोप समोर राहतं. हा पठ्ठ्या स्वतःच लावलेलं स्वतःच तुडवत चाललेला!

"भावजी!" अमीरबी ओरडली. "रिव्हर्स घ्या की मशीन! रिव्हर्स!"

आणि तिनं तोंडानं टिपरचा मागं जातानाचा आवाज काढला, "टीं... टीं... टीं..." मग काय, सगळा पैरा टींटीं करायला लागला. तिचा दोन दिवसांचा अबोला त्या हसण्यात कुठल्या कुठं वाहून गेला. सयाजी कानापर्यंत लाल झाला, पण रिव्हर्समध्ये आला.

आता पैऱ्यात एक रीत आहे, कोंडीची. जो हळू लावतो त्याच्या दोन्ही बाजूच्या बायका सपासप लावत मागं जातात आणि त्याच्या पाठीमागनं रांग जुळवून टाकतात. मग तो बिचारा मधोमध उभा. चारी बाजूला रोप, पाय टाकायला जागा नाही. बाहेर यायचं तर दंड भरायचा. आणि दंड कसला? नाव घ्यायचं, उखाण्यात!

दुपारच्या आत सयाजी कोंडला गेला. मध्ये हा एवढा थोराड बाप्या, आणि बांधावर चिखलानं माखलेल्या बायका कंबरेवर हात ठेवून उभ्या.

"घ्या नाव!"

"अगं, मी बाप्या मानूस..."

"पैऱ्यात बाप्या न्हाय आनि बाई न्हाय. कोंडला की कोंडला," अंबूआक्कानं निकाल दिला.

जन्मात सयाजीनं चार माणसांत बायकोचं नाव उच्चारलं नव्हतं. हाक मारायची तर "अगं ए." त्यानं डोकं खाजवलं, तर केसात चिखल गेला. आभाळाकडं बघितलं, तर डोळ्यात पाऊस गेला. शेवटी हातातली रोपाची मूठ छातीशी धरून तो जोरात म्हणाला,

"गोव्याच्या खाणीत काढली लाल माती,
तुळसाचं नाव घेतो, रोप घेऊन हाती!"

अशा आरोळ्या उठल्या म्हणता! अमीरबी हसून हसून चिखलातच बसली. सयाजी संध्याकाळी घरी पोचायच्या आधी उखाणा घरी पोचला होता. तुळसा दारातच उभी होती, पदर तोंडावर धरून.

"परत म्हणा की," ती म्हणाली.

"गप. पाठ मोडलीय माझी."

तिनं एका हातानं त्याच्या कमरेला तेल चोळलं. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे अंगणातल्या चिखलात त्याला ओणवं करून, झाडूच्या काड्या लावायला लावून, शिकवलंही. "एवढी मोठी मूठ न्हाय वो! चार काड्या. अंगठ्यानं दाबा. वर सोडू नगा, तरंगून येतंय." खाणीवर इतकी वर्षं कुणी त्याच्यावर असं ओरडलं नव्हतं, आणि त्याला त्याचा राग येत नव्हता, उलट बरं वाटत होतं. याचं त्याचं त्यालाच नवल वाटलं.

शेडमधली मंडळी मात्र रस्त्यावरनं मजा बघत होती. गैबी सगळ्यात पुढं. "सयाजी, लुगडं नेस की!" असं एकदा तो ओरडला. अमीरबीनं शेतातनंच नवऱ्याला सुनावलं, "हसाय येतंय तर वाकायबी येत आसंल! या खाली! न्हायतर रात्री भाकरी शेडमधीच मागवा!" दुसऱ्या दिवशी गैबी मुकाट्यानं तरव्यातनं रोपाच्या मुठी डोक्यावर वाहायला आला. आठवडा उलटला तशी शेडमध्ये बसायला कुत्रं तेवढं उरलं. कुणी रोप काढतोय, कुणी मुठी बांधतोय, कुणी बांध घालतोय. टिपरची खेप मारावी तशी गैबी खेपा मारायचा आणि प्रत्येक खेपेला तोंडानं हॉर्न वाजवायचा. लावणी भराभर उरकायला लागली. दुपारच्या जेवणाला बांधावर अशी पंगत बसायची की लग्नघर वाटावं. अमीरबीची सुक्या बोंबलाची चटणी, अंबूआक्काचं नाचणीचं आंबील, आणि मध्ये सयाजी, दोन्ही हातांनी खाणारा.

तो आता कोंडला जात नव्हता. सगळ्यांच्या बरोबरीनं मागं यायचा.

आणि त्यातच तो पाऊस आला. चंदगडचा पाऊस, त्याचं काय सांगायचं! दोन दिवस, दोन रात्री खळ नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी सयाजी ओढ्याकडच्या शेतावर गेला आणि जागच्या जागी थिजला. टोळीनं घाईनं वरवर खोचलेलं रोप उपटून तरंगलं होतं. अर्ध्याहून जास्त शेत उघडं पडलेलं, आणि बांधाच्या कडेला मेलेल्या रोपाचा पेंढा साचलेला.

तरव्यात एक रोप शिल्लक नव्हतं. पगार नाही, आणि आता वर्षाचं भातही नाही. तो घरी आला आणि तुळसाला सांगितलं.

तुळसा म्हणाली, "पैऱ्याला काय म्हणू नगा. आक्कानं आधीच सांगितलंय, तुमच्याकडं कोण येणार न्हाय. शब्द म्हंजे शब्द."

"न्हाय म्हणत," सयाजी म्हणाला.

त्या दिवशी अमीरबीच्या शेताची पाळी होती. सयाजी गेला. रोज चार गप्पा मारणारा गडी नुसता वाकून लावत होता आणि मागं सरकत होता. अमीरबीनं टींटीं केलं तरी हसला नाही. बायका एकमेकींकडं बघत होत्या. हळदेवाडीत कुणाच्या शेतात काय तरंगलं हे कळायला काय वर्तमानपत्र लागतंय?

संध्याकाळी कुणी त्याला "उद्या कुठं" ते सांगितलंच नाही. रोज अंबूआक्का निघताना दुसऱ्या दिवसाचं शेत सांगायची. आज ती चूळ भरून सरळ चालती झाली. सयाजीनं अंदाज बांधला, उरलंय ते आक्काचं वरचं शेत, तिथंच असणार. सकाळी तो वरच्या शेतात जाऊन उभा राहिला. पाऊस उघडला होता. शेतात एक माणूस नाही. त्यानं वाट बघितली. हाक मारली. कुणी नाही.

झालं, काढलं आपल्याला, असं त्याच्या मनानं घेतलं. ज्याच्या शेताचा सत्यानाश झाला तो आता हात पसरणार, म्हणून आधीच लांब केलं. इतके दिवस फुकट वाकला त्याचं काही नव्हतं. पण आता तुळसाला काय तोंड दाखवायचं, याचं होतं. तो पाय ओढत खाली यायला लागला.

ओढ्याच्या वळणावर आला आणि गलका ऐकू आला. गाणं, त्यात मध्येच हॉर्न, त्यात मध्येच अंबूआक्काची शिवी. सयाजी धावत सुटला.

त्याच्याच शेतात सगळा पैरा वाकलेला होता! गैबी मुठी फेकत होता. बांधावर तुळसा बसलेली, प्लास्टरचा हात गळ्यात, आणि दुसऱ्या हातानं "हितं मोकळं ऱ्हायलं, हितं!" म्हणून हुकूम सोडत होती. रोप कुठलं? तर प्रत्येकीनं आपापल्या शेताच्या कोपऱ्यात मोकळ्या जागा सांधायला म्हणून राखून ठेवलेलं. अंबूआक्काचं उंच घनसाळ, अमीरबीची इंद्रायणी, आणखी कुणाची ठेंगणी सोनम. जो जिथं उभा तिथं त्याच्या भाताची जात.

"भावजी, ड्युटीला लेट!" अमीरबी ओरडली.

"मला... मला कुणी सांगितलंच न्हाय," सयाजी धापा टाकत म्हणाला.

"ज्याचं शेत त्याला काय सांगायचं?" अंबूआक्का गरजली. "त्यानं चुलीवर च्या ठेवायचा आस्तो! तू सकाळधरनं हिंडतोस कुठं?"

"आक्का, पण तूच म्हणालतीस, माझ्याकडं कोण येणार न्हाय म्हणून."

"तवा तू पैऱ्यात कुठं हुतास रं? तवा पावणा हुतास." म्हातारीनं हातातली मूठ चिखलात खोचली आणि सगळ्या शेताकडं बघून कपाळावर हात मारला. "आनि हे बघ, ही आशी खिचडी झालीय. तीन जाती, तीन टायमाला पिकणार. तीनदा कापाय यावं लागणार आमास्नी."

"तीनदा?" सयाजीनं विचारलं.

"मग? आनि ऐक. तुळसाचा हात बरा झाला म्हणून तू घरी बसायचं न्हाय. पैऱ्यात तुमच्या घरची आता दोन माणसं धरलीत."

सयाजीच्या डोळ्यात टचकन पाणी आलं. त्यानं ते पुसलंही नाही. आनंदानं त्याला काय करावं सुचेना, म्हणून तो पँट न वळताच चिखलात उतरला आणि अंबूआक्का आणि अमीरबीच्या मध्ये वाकला. बांधावरनं तुळसा ओरडली, "अवो, मूठ लहान घ्या!" आणि त्यानं मूठ लहान घेतली.